दार नसलेला सर्व्हर

सोमवार, २४ मार्च

दौंडचं काम मलाच मिळालं. सकाळी कोंडिबा आप्पांचा फोन आला. आप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, आता अभ्यासिकेच्या ट्रस्टचे अध्यक्ष. म्हणाले, "महेंद्र, मीटिंगमधी लई भांडलो तुझ्यासाठी. पोरं म्हणत्यात पुण्याची कंपनी आणू. म्हणलं, आपला माणूस असताना पुणं कशाला? आता माझी मान तुझ्या हातात हाय."

मी म्हटलं, "मान ताठच राहील, आप्पा."

अभ्यासिका विहाराच्या मागे आहे, नवी, दुमजली. चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला उद्घाटन. त्याच दिवशी सगळ्या वस्तीसमोर स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींची ऑनलाइन सराव परीक्षा ठेवली आहे. म्हणजे वरच्या हॉलमधले चाळीसही संगणक त्या दिवशी चालले पाहिजेत. आणि कागदावर एक अट आहे: कुठलंही यंत्र जोडलं की त्याला नेटवर्कमधला पत्ता आपोआप मिळाला पाहिजे.

मी इतकी वर्षं पत्ते हाताने दिले. प्रिंटरला दहाच्या आतला आकडा, साहेबांच्या यंत्राला अकरा, पुढे टेबलांच्या क्रमाने. प्रत्येक यंत्रावर पांढरी पट्टी, पट्टीवर माझ्या अक्षरात आकडा. शिरूरमध्ये अशा पट्ट्या अजून जागोजाग दिसतील. एक पत्ता कधी दोघांना गेला नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. रांजणगावच्या कारखान्यांत केबल ओढता ओढता बघून शिकलो, रद्दीतून आणलेल्या इंग्रजी पुस्तकांतून शिकलो. आपोआपची पद्धतही तशीच शिकलोय. फक्त ती मला आवडत नाही. कुणाला काय दिलं हे माझ्या हाताला माहीत असावं.

घरी बायको, रश्मी, म्हणाली, "दौंडला जाताय, तर गौतमीच्या खोलीवर जाऊन याल ना?"

मी म्हटलं, कामाला चाललोय.

शुक्रवार, २८ मार्च

केबल पूर्ण. वरच्या हॉलच्या निळ्या, ऑफिसच्या पिवळ्या, वायफायच्या करड्या. एकही वाकडी नाही. दर हातभर अंतरावर बांधल्या आहेत, सगळ्या गाठी एका बाजूला.

तारा सगळ्या एकाच स्विचमध्ये, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या डब्यात, येतात, पण स्विचच्या आत तीन वेगळी नेटवर्कं करायची आहेत, म्हणजे मुलांचा मोबाइल ऑफिसच्या हिशेबात शिरणार नाही. एका घरात भिंती घालून तीन खोल्या करतो तसं. याला व्हीलॅन म्हणतात. पत्ते वाटणारा सर्व्हर ऑफिसच्या खोलीत ठेवलाय, कपाटात, कुलपात.

ट्रस्टचा सेक्रेटरी विक्रम वर येऊन बघून गेला. इंजिनियर आहे, घरून एका पुण्याच्या कंपनीचं काम करतो. म्हणाला, "दादा, आपोआप म्हणजे आपोआप हं. पट्ट्या बिट्ट्या नकोत."

"पट्टीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"घोडं नाही मारलं. पण घोड्यावर पण चिकटवाल तुम्ही."

पोरं हसली. कामात चूक काढता आली नाही की माणसं पट्टीवर येतात.

गौतमीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण रश्मी रोज विषय काढते. गौतमी माझी मुलगी. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं माझ्याबरोबर कामाला होती. गेल्या उन्हाळ्यात न्हावऱ्याला एका पतसंस्थेत, मॅनेजरच्या समोर मला म्हणाली, "पप्पा, किती दिवस पत्ते हाताने वाटणार?" मॅनेजर हसला. घरी आल्यावर मी म्हटलं, जिथं आपोआप मिळतं तिथं जा. ती गेली. आता कुरकुंभच्या एका कंपनीत आयटीला आहे, दौंडला खोली घेऊन राहते. फोन रश्मीला करते. रश्मी मला सांगते, गौतमी विचारते जेवलात का, बीपीची गोळी घेतली का. मी ऐकून घेतो. त्यावर बोलण्यासारखं काही नसतं. मी जेवलोय की नाही हे रश्मीला दिसतंच.

मंगळवार, १ एप्रिल

सगळं सुरू केलं. ऑफिसच्या चारही यंत्रांना पत्ते लगेच मिळाले, अगदी मी ठरवलेल्या क्रमात. जिना चढून वर गेलो. वर एकालाही नाही.

वरच्या प्रत्येक यंत्रावर एकशे एकोणसत्तरने सुरू होणारा पत्ता. विक्रम मागेच उभा होता.

"हा कुणी दिला?"

"कुणी नाही. कुणीच दिला नाही की यंत्र स्वतःच एक घेतं. त्याचा उपयोग नसतो."

"म्हणजे तुमच्यासारखंच, दादा. स्वतःच शिकलेलं."

मीसुद्धा हसलो. येताना गाडी चालवत हेच डोक्यात होतं. चौफुल्याला चहाला थांबायचा बेत होता, थांबलो नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

नीट लिहून काढतो, म्हणजे विचार सुटा होईल.

यंत्र सुरू झालं की ओरडून विचारतं, मला पत्ता कोण देणार? हा आवाज फक्त आपल्या खोलीत फिरतो, भिंत ओलांडत नाही. सर्व्हर खालच्या खोलीत. म्हणून स्विचमध्ये वरच्या खोलीच्या दाराशी एक निरोप्या नेमायचा. त्याने वरचा प्रश्न उचलून खाली सर्व्हरला द्यायचा, आणि सर्व्हरचं उत्तर वर आणायचं. निरोप्या मी नेमलाय. सर्व्हरचा पत्ता त्याला सांगितलाय. तीनदा तपासलं, एकेक आकडा बोट ठेवून.

वरच्या एका यंत्राला हाताने पत्ता देऊन बघितला. इंटरनेट चालतं. पण त्याच यंत्रावरून सर्व्हरला हाक मारली तर ओ देत नाही. ऑफिसमधून मारली तर देतो. म्हणजे स्विचच खराब. इंटरनेट कसं चालतं मग, हे कळत नाही. पण दुसरं काही उरत नाही.

जेवताना रश्मी म्हणाली, "गौतमीला सांगितलं मी तुमचं. ती विचारत होती, सर्व्हरला गेटवे दिलाय का."

घास हातात राहिला. गेटवे म्हणजे आपल्या खोलीतून बाहेर जायचं दार. मी म्हटलं, "तिला सांग, सर्व्हरला दार द्यायचं नसतं. हे मी तिच्या शाळेच्या आधीपासून पाळतोय."

"सांगू का असं?"

"नको. काहीच सांगू नको."

"मग काय सांगू? ती रोज विचारते. पप्पांनी ऐकलं, एवढंच सांगत राहू का?"

मी ताटावरून उठलो. हा नियम माझा आहे. रांजणगावला एका कारखान्यात मी पोरगा असताना व्हायरस शिरला होता. ज्या यंत्राला बाहेरचं दार नव्हतं तेवढं एकच वाचलं. ते मी ध्यानात ठेवलं. ज्याला बाहेर काम नाही त्याला दार कशाला? इतक्या वर्षांत माझ्या एकाही सर्व्हरला काही झालं नाही. आता ते मला कुरकुंभहून शिकायचं.

शनिवार, ५ एप्रिल

पुण्याहून दुसरा स्विच आणला. सगळ्या केबल काढून परत त्याच क्रमात लावल्या. तेच. खाली पत्ते, वर एकशे एकोणसत्तर.

नवा स्विचही खराब निघणं शक्य आहे. शक्य आहे, पण मलाच ते खरं वाटत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

आज सर्व्हरच्या तारेवर कान लावला. म्हणजे तारेतून काय जातं ते दाखवणारा प्रोग्राम चालवला. वरच्या यंत्रांचे प्रश्न येतायत. सगळे. निरोप्या चोख काम करतोय, कुठल्या खोलीतून प्रश्न आला हेसुद्धा लिहून आणतोय. सर्व्हर प्रश्न वाचतो. उत्तर तारेवर येत नाही.

सर्व्हर पुसून सगळं पहिल्यापासून भरलं. माझ्या सवयीप्रमाणे भरलं. तेच.

ऐकू येतं आणि बोलत नाही. असं यंत्र मी बघितलं नव्हतं.

जेवण गेलं नाही. रश्मीने फोन उचलला, स्वयंपाकघरात गेली आणि हळू आवाजात बराच वेळ बोलत होती.

गुरुवार, १० एप्रिल

विक्रमने आज टोमणा मारला नाही, तेव्हाच ओळखलं. म्हणाला, "दादा, राग मानू नका. पुण्याच्या लोकांना शनिवारी बोलावून ठेवलंय. तुमचं आधी झालं तर त्यांना नको म्हणून सांगू."

"आप्पांना माहीत आहे?"

"आप्पांना कमिटीने विचारलं. ते उठून गेले."

बाहेर कमानीचं काम चाललं होतं. पोरं निळं कापड ताणत होती. त्यांच्यातून गाडी काढताना मी कुणाकडे बघितलं नाही. शिरूरला येईपर्यंत ठरवलं. चाळीस यंत्रांना पत्ते हाताने द्यायचे. परीक्षा चालेल. उद्घाटन होईल. आपोआपचं नंतर बघू. कुणाला कळणार आहे?

हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. खोडत नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळपासून हाताने पत्ते देऊन पट्ट्या लावत होतो, आधी खालचं ऑफिस आणि प्रिंटर, मग वरचा हॉल. हात भराभर चालत होता, किती दिवसांनी. निम्मा हॉल झाला तेव्हा जिन्यात काठी वाजली. आप्पा. गुडघे धरून वर आले, खुर्चीवर बसले, श्वास घेतला. मग एका यंत्राच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ह्ये आपोआप हाय व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. आप्पांना यातलं काही कळत नाही. "नाही आप्पा. हाताने दिलेलं."

"परीक्षा चालंल?"

"चालेल."

"आन् उद्या एखादी पोरगी स्वतःचं मशीन घिऊन आली तर?"

"मला फोन करा. मी येऊन देईन."

"शिरूरवरनं."

"हो."

"आन् तू नसल्यावर?"

आप्पा म्हणाले, "मी मीटिंगमधी आपोआप म्हणून शब्द दिलाय, महेंद्र. जमत नसंल तर न्हाई म्हण. त्यात लाज न्हाई. तवा मी खाली मान घालून सांगीन, माझा अंदाज चुकला. पण मला खोट्यात उभं करू नगंस." आणि काठी टेकत उतरायला लागले. मधल्या पायरीवर थांबले. मला वाटलं मागे वळतील. वळले नाहीत.

मग मी पट्ट्या उपटल्या. सगळ्या. वरच्या उपटल्या, खाली जाऊन ऑफिसच्या यंत्रांच्या उपटल्या, प्रिंटरचीसुद्धा, आणि एकूण एक यंत्र आपोआपवर टाकलं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

बाहेर चौकात येऊन टपरीच्या बाकावर बसलो. पहिली पाळी सुटून कुरकुंभच्या कंपन्यांच्या बसा येत होत्या. एका बसमधून गौतमी उतरली. केस बारीक केलेत. रश्मीने हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल. खांद्याला पिशवी, हातात मेथीची जुडी. तिने मला बघितलं नाही. मी हाक मारू शकलो असतो इतक्या अंतरावरून गेली.

मी फोन काढला आणि तिचं नाव उघडलं. वरपासून खालपर्यंत सगळे तिचेच मेसेज. पप्पा, पोचले. पप्पा, पहिला पगार झाला. वाढदिवसाच्या शुभेच्छा. गोळी घेतली का. कंपनीच्या सर्व्हर खोलीचा फोटो, खाली लिहिलंय, केबल मी बांधल्यात, गाठी एका बाजूला. सगळे वाचलेले. माझा त्यात एकही नाही.

बराच वेळ ते वर-खाली करत बसलो. चहा गार झाला. मग लिहिलं:

"वरच्या खोलीतला प्रश्न सर्व्हरपर्यंत येतो. उत्तर जात नाही. का?"

ती समोरच्या किराणा दुकानातून बाहेर पडून गल्लीच्या तोंडाशी थांबलेली दिसली. जुडी काखेत धरून लिहीत होती.

"कारण त्याला गेटवे नाही, पप्पा. एकाच खोलीत सगळे असतील तर दाराची गरज नसते, म्हणून आजपर्यंत अडलं नाही. आता विचारणारा भिंतीपलीकडं आहे. उत्तर तयार असतं, पण बाहेर पडायला दारच नाही. इंटरनेट नको असेल तर फायरवॉलमध्ये बंद करा. दार ठेवा."

'आधीच सांगितलं होतं' असं तिने लिहिलं नाही. मी ते वाचायची तयारी ठेवली होती.

परत गेलो. कुलूप काढलं, सर्व्हरला गेटवेचा पत्ता भरला. एक ओळ. इतक्या वर्षांचा नियम मोडायला एक ओळ पुरली. जिना चढून वर गेलो. हॉलमध्ये दारातच उभा राहिलो. जवळच्या यंत्रावर पत्ता आला होता. पुढच्यावरही. रांगेने बघत गेलो. मी दिले असते त्या क्रमाने नव्हते, विस्कटलेले होते, कुणालाही कुठलाही. पण प्रत्येकाला होता.

विक्रम आला. माझा मोबाइल वायफायला जोडला, त्याचा जोडला, खाली कमान बांधणाऱ्या पोरांचे जोडले. मग पुण्याला फोन करून नको म्हणाला, माझ्यासमोरच. "काय होतं, दादा?"

"सर्व्हरची सेटिंग होती," म्हणालो. खरंच होतं ते. अर्धं.

फोनवर तिचा आणखी एक मेसेज येऊन पडला होता: "झालं का? आणि गोळी घेतली का?"

मी लिहिलं, "झालं." मग खिशातली गोळी काढली, टपरीवर जाऊन पाणी मागितलं, घेतली, आणि लिहिलं, "घेतली."

सोमवार, १४ एप्रिल

परीक्षा झाली. चाळीसही यंत्रं चालली. तीन पोरी स्वतःचे लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, त्यांचीही.

आप्पांनी माइकवर माझं नाव घेतलं. "आपल्या मानसानं केलं," म्हणाले, आणि घोगऱ्या आवाजात तेच पुन्हा म्हणाले. मला संविधानाची प्रत आणि फूल दिलं. विक्रमने माइक पुढे केला. मी काय बोलायचं ते सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. मागच्या रांगेत पांढऱ्या साडीत गौतमी उभी होती, आईशेजारी. मी म्हणालो, आप्पांनी विश्वास ठेवला, आभारी आहे. आणि खाली बसलो.

तिने टाळ्या वाजवल्या. मंडपातून निघताना म्हणाली, "जय भीम, पप्पा. केबल मस्त बांधल्यात." मी म्हटलं, "जय भीम." एवढंच झालं.

परतताना रश्मी मागे बसली होती. न्हावरा आलं. मग म्हणाली, "एक नाव घ्यायला किती वेळ लागला असता?"

उत्तर होतं. दिलं नाही.

बुधवार, १६ एप्रिल

आज काही काम नसताना दौंडला गेलो. माझी जुनी पद्धत आहे. काम संपलं की कपाटाच्या आतल्या बाजूला पट्टी लावतो: तारीख, 'जोडणी – महेंद्र', खाली फोन नंबर. या वेळी ती लावायची राहिली होती.

पट्टी लिहिली. मग फाडली आणि थोडी मोठी कापली. 'जोडणी – महेंद्र, गौतमी.' खाली दोन्ही नंबर. अक्षर चांगलं आलं नाही, तरी तीच लावली. विक्रमला दाखवली. त्याने दोनदा वाचली. त्या दिवशी काय झालं ते त्याला सांगितलं, पूर्ण. आप्पांनाही त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. आप्पा म्हणाले, "मंग ती आपलीच हाय की. येडा का काय तू?" आणि चहा टाकायला सांगितला.

गुरुवार, १७ एप्रिल

आत्ता गौतमीचा फोन आला. रश्मीच्या नाही, माझ्या फोनवर.

"पप्पा, विक्रमचा फोन आला होता. ऑफिसचा प्रिंटर कुणालाच सापडत नाही म्हणे. माझा नंबर कुणी दिला त्याला?"

"पट्टीवर आहे."

"तुमच्या पट्टीवर?"

"हो."

"मला न विचारता?"

"विचारायला पाहिजे होतं."

मागे बसचा आवाज येत होता. मग म्हणाली, "प्रिंटरपण आपोआपवर टाकलात का तुम्ही?"

मी कपाळावर हात मारला. शुक्रवारी रागात त्याचीही पट्टी उपटली होती. आपोआप पत्ता बदलला की प्रिंटर हरवतो. हे तर मी झोपेत सांगेन.

"त्याला हाताने द्यावा लागतो ना, पप्पा?"

"हो. दहाच्या आतला."

"मग या उद्या. मी पहिली पाळी करून येते. पट्टी तुम्हीच लिहा, माझं अक्षर वाईट आहे."

रश्मी दारात उभी राहून ऐकत होती.

चिकटपट्टीचं रीळ, कात्री आणि काळं पेन पिशवीत भरलं. गोळीचं पाकीटही.